नोकर, नवरा आणि खाऊन बघणं

दुबईत आलेल्या मराठी माणसाला पहिल्या सहा महिन्यांत एक छंद हमखास लागतो. अरबीत मराठी शब्द शोधायचा. (अरब म्हणतील, मराठीत अरबी शब्द शोधायचा. बरोबर त्यांचंच आहे.) बँकेत 'हिसाब', कोर्टात 'वकील', फॉर्मवर 'तारीख', दुकानदाराकडून परत घ्यायचे सुटे म्हणजे 'बाकी'. आम्ही राहतो त्या वस्तीचं नावच ऊद मेथा. मेथाचा मेथीशी काही संबंध नाही, पण ऊद हा शब्द मात्र तोच, जो आमच्या रत्नागिरीच्या घरी तिन्हीसांजेला निखाऱ्यावर पडायचा आणि ज्याच्या धुराने डोळे चुरचुरायचे. उलट दिशेनेही माल गेलेला आहे. इथल्या कुठल्याही कॅफेटेरियात अरब लोक गाडीत बसून हॉर्न वाजवून जो 'करक' मागवतात, तो म्हणजे आपला कडक चहा. 'ड' त्यांना जमला नाही, चहा मात्र जमला.

ऊद मेथात कानावर भाषांची कमतरता नाही. इंडियन हायस्कूल, इंडिया क्लब, पाकिस्तान असोसिएशन, सेंट मेरीज चर्च हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे एका संध्याकाळच्या फेरीत मल्याळम, उर्दू, तमिळ, तागालोग, कोकणी, सिंधी एवढं सहज होऊन जातं. पण मराठीची सगळ्यात गमतीदार पाहुणी मला भेटली ती यांतल्या कुणाच्या तोंडून नाही. ती भेटली एका मंगोल माणसाकडून.

आमच्या प्रोजेक्टवर एक मंगोलियन इंजिनियर रुजू झाला. गाव एर्देनेत. तिथे तांब्याची मोठी खाण आहे, आणि सत्तरच्या दशकात खाणीसाठीच ते शहर वसवलं गेलं. पठ्ठ्याचं सगळं शिक्षण आणि आधीचा अनुभव इमारती गरम ठेवण्यातला. उणे तीस तापमानात पाइपातलं पाणी गोठू कसं द्यायचं नाही, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. आणि आला कुठे, तर अठ्ठेचाळीस डिग्रीत इमारती गार ठेवायला! "गणित तेच आहे, फक्त चिन्ह बदललंय," असं तो म्हणतो. राहायला आमच्याच मागच्या गल्लीत. त्यामुळे रात्री उन्हाची धग जरा उतरली की करक प्यायला आम्ही दोघं.

एकदा मी फोनवर भावाशी बोलत होतो. विषय भाच्याच्या नोकरीचा. फोन ठेवल्यावर हा गंभीरपणे विचारतो, "कुणाच्या नवऱ्याबद्दल चाललं होतं?"

मी म्हटलं, कुणाच्याच नाही. का?

"तू सारखं नोखोर, नोखोर म्हणत होतास."

झालं. त्या दिवसापासून माझा अरबीचा छंद मागे पडला आणि मंगोलियनचा सुरू झाला.

तर 'नोखोर' म्हणजे आजच्या मंगोलियनमध्ये नवरा. जरा जुन्या पिढीतल्या माणसाला विचारलंत तर 'कॉम्रेड'. कम्युनिस्ट राजवटीत सगळे एकमेकांना नोखोर अमुक, नोखोर तमुक म्हणत. आणि आठशे वर्षांपूर्वी, चंगीझ खानाच्या काळात? त्या वेळी 'नोकोर' म्हणजे सोबती. रक्ताचं नातं नसताना, आपणहून एखाद्याच्या बाजूला येऊन उभा राहिलेला जिवाभावाचा माणूस. तेराव्या शतकातला 'मंगोलांचा गुप्त इतिहास' नावाचा ग्रंथ आहे, त्यात याची मोठी छान गोष्ट आहे. पोरसवदा तेमुजिनचे (म्हणजे पुढच्या चंगीझचे) आठ घोडे चोरांनी पळवले. माग काढत जाताना वाटेत त्याला घोडीचं दूध काढत बसलेला बोओर्चू नावाचा एक मुलगा भेटला. ओळख ना पाळख, पण याने भांडं तिथेच टाकलं, घरी बापालाही न सांगता घोड्यावर टांग मारली आणि सोबत निघाला. घोडे मिळाले. तेमुजिन म्हणाला, यातले तुला किती देऊ? बोओर्चूने वाटा घ्यायला साफ नकार दिला. सोबत म्हणून आलो, वाटा घेतला तर ती सोबत कसली, असा त्याचा सूर. पुढे हा बोओर्चू चंगीझच्या सर्वात मोठ्या सेनापतींपैकी एक झाला.

हा 'नोकोर'. मंगोलांनी इराण जिंकला, तिथे १२५६ पासून जवळजवळ ऐंशी वर्षं त्यांचं राज्य होतं. त्या काळात हा शब्द फारसीत शिरला आणि 'नोकर' झाला. फारसीबरोबर हिंदुस्थानात आला, दख्खनच्या सुलतानांच्या दप्तरातून मराठीत आला. येता येता त्याची पत घसरत गेली. सोबत्याचा झाला सरदाराच्या पदरचा शिपाई, शिपायाचा झाला चाकर, आणि शेवटी पाण्याचा तांब्या आणून देणारा गडी. मंगोलियात राहिला तो बढती मिळत नवरा झाला. आपल्याकडे आला तो गडी झाला. परदेशी गेलेल्यांचं असं होतं बघा. मायदेशी साहेब असतो आणि इथे येऊन सुपरवायझरच्या हाताखाली लागतो!

गंमत म्हणजे मराठीत नोकराची पत गेली, पण नोकरीची नाही गेली. "मुलगा नोकरीला आहे" म्हटलं की स्थळ चांगलं. "मुलगा नोकर आहे" म्हणून बघा बरं. डिर्क कोल्फ नावाच्या डच इतिहासकाराने १९९० साली 'नौकर, राजपूत अँड सिपॉय' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दाखवलंय की उत्तर हिंदुस्थानात काही शतकांपूर्वी नोकरी म्हणजे घर सोडून दूरच्या कुणा सरदाराकडे तलवार घेऊन जाणं, आणि ते मानाचं होतं. मागे राहिलेल्या बायकोची लोकगीतं असायची ती या नोकरीवर गेलेल्या नवऱ्याची. म्हणजे नोकर आणि नवरा यांची गाठ तिथेही पडलेली आहे. ऊद मेथातल्या एकेका खोलीत चार चार राहून घरी पैसे पाठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

एकदा नोकर सापडल्यावर बाकीचे सापडायला वेळ लागला नाही. मंगोलियन ऑफिसात साहेबाला 'दार्गा' म्हणतात. हा आपला दारोगा. मुळात मंगोल साम्राज्यात शिक्का दाबणारा अधिकारी तो 'दारुगाची'. 'बातर' म्हणजे वीर. जुन्या मंगोलियनमध्ये तो 'बगातुर' होता, आणि फारसीमार्गे आपल्याकडे येऊन झाला बहादूर. 'उलान' म्हणजे लाल. म्हणजे मंगोलियाची राजधानी उलानबातर, जिला हे नाव १९२४ साली मिळालं, तिचं सरळ मराठी भाषांतर होतं लालबहादूर! हे मी मित्राला सांगितलं, आणि आमचा एक पंतप्रधान त्याच्या राजधानीच्या नावाचा होता म्हटल्यावर तो इतका खूश झाला की त्या दिवशीच्या करकचे पैसे त्याने दिले.

खानाच्या खास पथकात जेवणाखाण्याची जबाबदारी ज्याच्याकडे, तो 'बाउर्ची'. तो आपला बावर्ची. त्या शेवटच्या 'ची'कडे लक्ष द्या. मंगोलियनमध्ये 'एम' म्हणजे औषध, तर 'एम्च' म्हणजे डॉक्टर. 'जोलो' म्हणजे लगाम, तर 'जोलोच' म्हणजे ड्रायव्हर (लगाम गेला, स्टिअरिंग आलं, शब्द तोच). 'माल' म्हणजे गुरंढोरं, तर 'मालचिन' म्हणजे गुराखी. हा प्रत्यय तुर्की आणि मंगोलियन दोन्हींत आहे, आणि आपल्याकडे तुर्की-फारसीच्या वाटेने आला. तोपची, मशालची, खजिनची, तबलची, अफिमची. तबला आपला, पण तो वाजवणाऱ्याला जोडलेली शेपटी मध्य आशियातली.

आता कुणाला वाटेल की सगळं त्यांच्याकडूनच आलं. तसं नाही. बौद्ध धर्माबरोबर, उइघुर आणि तिबेटी लोकांच्या हातून, संस्कृत शब्दांचा मोठा तांडा मंगोलियात गेलाय. मंगोलियनमध्ये मंगळाला 'आंगारग' म्हणतात, बुधाला 'बुद', गुरूला 'बार्खसबदी', शुक्राला 'सुगर' आणि शनीला 'सांचिर'. अंगारक, बृहस्पती, शनैश्चर ओळखू आले ना? पुण्य म्हणजे 'बुयान', श्लोकाचा झाला 'शुलेग' म्हणजे कविता. खंडाला ते 'तिव' म्हणतात, म्हणजे द्वीप, आणि सगळ्या जगाला 'झाम्बूतिव', म्हणजे चक्क जंबुद्वीप. माझा सर्वात आवडता शब्द 'सान्सार'. आपला संसार. पण अर्थ? अंतराळ! अंतराळवीर म्हणजे त्यांच्या भाषेत संसारात उडणारा. १९८१ साली त्यांचा गुर्रागचा सोव्हिएत यानातून संसारात गेला, आणि १९८४ साली आपला राकेश शर्मा. आमच्या बायकोचं मत असं की वजन हरवलेल्या अवस्थेत तरंगणं हा संसाराचा अर्थ मंगोल लोकांनी जास्त बरोबर ओळखलाय.

आणि मित्राचं गाव एर्देनेत? 'एर्देने' म्हणजे रत्न. शब्दही संस्कृत रत्नावरूनच वाटेत रूप बदलत गेलेला. एर्देनेत म्हणजे रत्नं असलेलं गाव. मी रत्नागिरीचा, तो त्याच्या रत्नागिरीचा. आमची खाण आंब्याची, त्याची तांब्याची.

इथपर्यंत सगळं शब्दांचं झालं. शब्द शोधायला मजा येते, पण खरं सांगायचं तर हा पत्त्यांचा खेळ आहे. कुठले पत्ते कुणाकडून आले ते मोजत बसायचं. आणि नुसत्या आवाजावर गेलं तर फसायलाही होतं. मंगोलियन 'गेर' म्हणजे घर. ऐकल्याबरोबर टाळी द्यावीशी वाटते, पण हा निव्वळ योगायोग, दोन्हींचा काही संबंध नाही. मला खरा धक्का बसला तो शब्द जिथे अजिबात जुळत नाहीत तिथे.

आधी एक उच्चाराची गोष्ट. मराठीत च दोन आहेत. चिंचेतला वेगळा, चाकातला वेगळा. हिंदीवाल्यांना चाकातला च म्हणायला लावा, हमखास फसतात. लिपीत एकच अक्षर असल्यामुळे परक्याला शिकवताना आपलीही पंचाईत होते. माझा मित्र मात्र पहिल्या झटक्यात 'चाक' बरोबर म्हणाला, कारण त्याच्या भाषेतही हे दोन च आहेत, आणि दोन ज सुद्धा, जीवनातला आणि जागेतला. एवढंच नाही, नियमही मूळचा जवळपास तोच. अस्सल मराठी शब्दात पुढे इ किंवा ए आला की चिंचेतला च, एरवी चाकातला. मंगोलियनमध्ये जिथे मुळात पुढे इ होता तिथे चिंचेतला च टिकला, जसा चिंगिसमध्ये, आणि बाकी ठिकाणी चाकातला झाला. पांढऱ्याला ते 'चगान' म्हणतात, चाकातल्या च ने. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. दोन भाषांच्या जिभा आपापल्या घरी तशाच वळल्या.

मग वाक्यांकडे वळलो. त्याने मला पहिलं वाक्य शिकवलं, "बी देल्गूर्त ओचोद ताल्ख आव्सन." शब्दाखाली शब्द ठेवा. बी म्हणजे मी. देल्गूर म्हणजे दुकान, पुढचा त म्हणजे आत. ओचोद म्हणजे जाऊन. ताल्ख म्हणजे पाव. आव्सन म्हणजे घेतला. मी दुकानात जाऊन पाव घेतला. एक शब्दही जागचा हलवावा लागत नाही! इंग्रजीत हेच सांगायचं तर सगळं घर उलटंपालटं करावं लागतं. मंगोलियनमध्येही नामाच्या शेपटीला विभक्ती लागते. मधलं, साठी, बरोबर हे सगळं आपल्यासारखंच नामाच्या मागून येतं. क्रियापद शेवटी. तूला 'ची' आणि वडीलधाऱ्यांना 'ता', म्हणजे तू आणि तुम्ही. वयाने मोठ्या माणसाला नावाने न हाकारता 'आख' म्हणायचं, म्हणजे दादा. (मी आता ऑफिसात आख आहे.) एक गोष्ट मात्र त्याला मानवली नाही, ती आपली तीन लिंगं. मंगोलियनमध्ये लिंगच नाही. "खुर्चीला बाई कुणी ठरवलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण कळस पुढेच आहे. एकदा डबा उघडून मी त्याला थालीपीठ देत होतो. मंगोलियनमध्ये 'आधी चव तर घे' कसं म्हणतात विचारलं. तो म्हणाला, "इदेज उझ." इदेज म्हणजे खाऊन. उझ म्हणजे बघ.

खाऊन बघ!

आता सांगा, खाऊन कुणी बघतं का? डोळ्यांचा काय संबंध? तरी रत्नागिरीत आणि एर्देनेतमध्ये माणसं खाऊन बघतात, करून बघतात, विचारून बघतात. मग आम्ही दोघं एखाद्या साइटची तपासणी करावी तसे एकेक सांधा तपासत गेलो. 'बिचिज आव', लिहून घे. 'खीज ओग', करून दे. "मी येईन म्हणून सांगितलं" यातलं 'म्हणून' त्यांच्याकडे 'गेज', आणि तेही 'म्हणणे' या धातूचंच. "बात म्हणून एक माणूस होता" हेही ते 'गेज' घालूनच सांगतात. चहाबिहा? 'चाय माय', तोही चाकातल्या च ने. पुस्तकबिस्तक? 'नोम मोम'. आपण बि लावतो, ते म लावतात, आणि शब्दच म ने सुरू होत असेल तर 'झ' लावतात. मटणाला 'माख', तर मटणबिटण म्हणजे 'माख झाख'.

हे काही आम्हा दोघांनाच सुचलेलं नाही. कॉलिन मसिका या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९७६ साली एक पुस्तक लिहिलं, 'डिफायनिंग अ लिंग्विस्टिक एरिया: साउथ एशिया'. भारतीय भाषांच्या ज्या लकबी आपण खास आपल्या समजतो, क्रियापद शेवटी, 'जाऊन-करून', 'खाऊन टाक', त्या कुठपर्यंत पसरल्यात ते त्याने नकाशे काढून दाखवलं. त्यातल्या बऱ्याच हिमालयापाशी थांबत नाहीत. मध्य आशियातून मंगोलियापर्यंत आणि पुढे कोरिया-जपानपर्यंत जातात. भाषांची कुळं वेगवेगळी, पण बांधणीची धाटणी एक. मराठीचा 'ऊन' तर चांगला जुना, महाराष्ट्री प्राकृतातल्या 'काऊण'मधून आलेला. काऊण म्हणजे करून. गाथासप्तशतीच्या काळातला हा सांधा आपण रोज वापरतो. त्याच्यापुढे नोकर, दारोगा आणि बहादूर म्हणजे काल आलेले भाडेकरू.

हे सगळं मी एवढं पाल्हाळ लावून सांगतोय, त्याला एक कारण आहे.

आमची मुलगी नऊ वर्षांची. जन्म इथला, शाळा इथली. मराठी समजतं, बोलते, आम्ही घरी मराठीच बोलतो. मागच्या वर्षी माझ्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालं. व्हिडिओ कॉलवर पट्टी काढल्याचं आईने सांगितलं, आणि मुलगी मनापासून म्हणाली, "आजी, मी तुझ्यासाठी आनंदी आहे."

आई दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "माझ्यासाठी कशाला गो? तुझी तू आनंदी राहा." तिला खरंच कळलं नव्हतं. मुलीलाही कळेना की आपण एवढं चांगलं बोललो आणि आजीचा चेहरा असा का. मी मध्ये पडून "तिला बरं वाटलं म्हणत्येय" असं भाषांतर केलं. आजी आणि नातीच्या मध्ये दुभाषा म्हणून उभं राहायची वेळ माझ्यावर आली, आणि दोघी बोलत होत्या मराठीच.

ते वाक्य पुन्हा बघा. मी, तुझ्यासाठी, आनंदी, आहे. चारही शब्द शुद्ध मराठी, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क. पण वाक्य मराठी नाही. आणि आता हे बघा: "ॲप डाउनलोड करून घे, लॉगिन करून बघ, नाही झालं तर मला फोन करून सांग." यात इंग्रजी शब्द भरपूर. पण आजी हे वाक्य जगात कुठेही ओळखेल, कारण करून घे, करून बघ, करून सांग हे सगळे सांधे आपले आहेत.

आपल्याकडे मराठीची काळजी म्हटली की ती शब्दांची असते. शब्दांची काळजी शिवाजी महाराजांनीही केली होती, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश त्यासाठीच करवून घेतला. राज्य नवं होतं, कारभाराची भाषा आपली हवी होती, ते योग्यच होतं. तरी नोकर राहिला, दारोगा राहिला, आणि मराठी मराठीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही हे सगळे परदेशी पाहुणे तिच्या घरातच बसलेले होते. पाहुणे आले म्हणून घर पडत नाही. घर पडतं ते सांधे निखळले की. इमारतींच्या धंद्यातला माणूस आहे, एवढं तर मला कळतं.

मित्राची काळजी माझ्यापेक्षा मोठी आहे. मंगोलियाने १९४०च्या दशकात आपली उभी लिपी सोडून रशियन धाटणीची लिपी घेतली. आपल्या पणजोबांची पत्रं त्याला वाचता येत नाहीत, जशी आमच्या घरातली मोडीतली जमिनीची कागदपत्रं मला येत नाहीत. २०२५ पासून तिथे सरकारी कागदपत्रांत जुनी लिपीही पुन्हा आणली आहे. पण सीमेपलीकडे, चीनमधल्या अंतर्गत मंगोलियात, ती उभी लिपी टिकून होती. तिथे २०२० साली शाळांतले काही मुख्य विषय मंगोलियनऐवजी चिनीतून शिकवायचा आदेश आला, आणि पालकांनी मुलांना शाळेतून घरी आणून निषेध केला. "लिपी गेली तरी आम्ही बोलत राहिलो," मित्र म्हणाला. "पण मूल दिवसभर दुसऱ्याच भाषेत विचार करायला लागलं, की संध्याकाळी घरी येऊन फक्त शब्द बदलतं." त्याची स्वतःची मुलगी इथे इंग्रजी शाळेत आहे. पुढे त्याला काही बोलायची गरज नव्हती.

आमच्यासारख्या बहुतेकांचं इथलं राहणं नोकरीवर अवलंबून. किती वर्षं, ते कुणी सांगू शकत नाही. मुलीला पुढे कुठली भाषा रोजच्या वापरात लागेल तेही सांगता येत नाही. तिच्या शब्दसंग्रहावर माझी फार हुकमत चालणार नाही हे मी समजून आहे. म्हणून घरी एक साधा नियम केलाय. शब्द कुठलाही चालेल, अडला तर इंग्रजी घाल, कुणी हसणार नाही. पण 'मी भुकेली आहे' नाही, 'मला भूक लागल्ये'. 'मी प्रयत्न करू शकते का' नाही, 'करून बघू?' चुकली तर ओरडायचं नाही, आपण नीट म्हणायचं आणि पुढे जायचं. आणि आठवड्यातून दोनदा आजीशी अर्धा तास गप्पा, मध्ये कुणी दुभाषा नाही. आजी तिला गोष्ट सांगते आणि मग "आता तू मला सांगून दाखव" म्हणते. सांगून दाखव! हे मंगोलियनमध्येही आहे का, ते मित्राला विचारायचं राहिलंय.

गेल्या शुक्रवारी मित्र सहकुटुंब जेवायला आला होता. येताना थर्मासमध्ये 'सूतेइ चाय' घेऊन आला. मंगोलियन चहा, दूध घातलेला आणि मीठ घातलेला. साखर नाही, मीठ! पाहुणा समोर बसलेला, कप सगळ्यांच्या हातात. त्याची मुलगी आमच्या मुलीकडे बघत्येय. मी लेकीला म्हटलं, "पिऊन बघ."

तिने एक घोट घेतला. चेहरा जरा लांबला. मग कप खाली ठेवून अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली, "पिऊन बघितला, बाबा. पण पिऊन टाकवत नाही."

तो कप मी पिऊन टाकला. खारट होता, पण मला त्या दिवशी काही लागलं नाही.